आधी मोजा, मग मारा

डोलवीचा पोलादाचा कारखाना मागे टाकून वडखळकडे निघालं, की पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला कणसं भाजायला बसलेल्या बायका दिसतात. परवा तिथे थांबलो होतो. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकासाठी मावशींनी कणीस सोललं. शेंड्याकडे, केसांच्या खाली, बोटभर जागेत दाणे कुरतडलेले होते. ओलसर भुसा होता आणि त्यात एक करडी अळी वळवळत होती. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. "दुसरं द्या, स्वच्छ." मावशींनी सुरीने शेंडा उडवला. "दादा, बाकीचं कणीस चांगलं आहे," म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही. ते कणीस बाजूला पडलं.

त्या 'स्वच्छ' शब्दाची किंमत शेतात मोजली जाते. कणसावर अळीचा डाग नको, असं बाजार व्यापाऱ्याला सांगतो, व्यापारी शेतकऱ्याला सांगतो आणि शेतकरी पंप पाठीवर घेतो.

आमचा पेण तालुका भाताचा. मका इथे परसात चार ओळी, तेवढाच. रस्त्यावरचं कणीस बहुतेक घाटावरून येतं. तिथल्या मक्यावर काय गुदरलं ते खाणाऱ्याला माहीत असायला हवं. अमेरिकन लष्करी अळी 2016 मध्ये आफ्रिकेत पोचली. मे 2018 मध्ये ती कर्नाटकात शिवमोग्याला सापडली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यात दिसली. 2019च्या खरिपात मराठवाड्यापासून खानदेशापर्यंत मक्याचे पोंगे, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, चाळणी झाले. या किडीचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. मादी आयुष्यात हजार-दीड हजार अंडी घालते. अशा शत्रूपुढे माणूस घाबरला तर त्याला दोष देणार कसा?

तरीही एक वाक्य मला सहन होत नाही. 'शेतकऱ्याला एकात्मिक कीड व्यवस्थापन कळत नाही,' असं सभांमधून फार सहज म्हटलं जातं. खोटं आहे हे. डोक्यावर उलट्या वायची खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही या अळीची ओळख मका लावणारा कितीतरी शेतकरी आज न चुकता सांगेल. कामगंध सापळा त्याने पाहिलाय. निंबोळी अर्क त्याला ठाऊक आहे. त्याला शिकवलं गेलं नाही ते मोजणं. सगळी पद्धत त्या मोजण्यावर उभी आहे, आणि नेमकं तेच वगळून बाकीचं सगळं आपण त्याच्या हातात दिलं.

मोजणं अवघड नाही. शेतात शिरायचं, नागमोडी चालायचं, पाच ठिकाणी थांबायचं आणि प्रत्येक ठिकाणी वीस झाडांचे पोंगे बघायचे. शंभर झाडं झाली. रोप लहान असताना शंभरात पाचांवर ताजी खूण असेल तर हालचाल करायची, तीही आधी निंबोळी अर्काने. पीक गुडघ्याच्या वर गेलं की हा आकडा दहावर जातो, कारण वाढता मका थोडं नुकसान स्वतःच भरून काढतो. त्याखाली आकडा असेल तर औषध विकत घ्यायचं नाही, अंडीपुंज दिसेल ते पान तोडून चिरडायचं आणि घरी यायचं. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास लागतो. पैसा एक लागत नाही.

आता दुकानात काय होतं ते बघा. शेतकरी पिशवीत एक खाल्लेलं पान घेऊन येतो. काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "काय मारू?" तीन मिनिटांत दोन बाटल्या आणि वर एक टॉनिक पिशवीत पडतं. 'शंभरात किती झाडं?' हा प्रश्न कुणी विचारत नाही. बिल वहीत चढतं, कारण पैसे मका विकल्यावर द्यायचे असतात. सल्ला देणारं आणि माल विकणारं तोंड एकच, वर उधारीही त्याचीच. अशा ठिकाणी 'या आठवड्यात फवारू नकोस' हे वाक्य उमटणार कुठून? दुकानदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या दिवशी विक्री शून्य त्या दिवशी त्याचा सल्ला बरोबर, अशा व्यवस्थेत आपण त्याला बसवलंय.

आणि मारलेलं लागतं तरी कुठे? ही अळी पोंग्याच्या तळाशी बसते. मोठी झाली की स्वतःच्या विष्ठेच्या भुशाने वरचं तोंड बुजवून घेते. भर दुपारी पानांवरून फवारा फिरवला तर पानं ओली होतात, अळी कोरडी राहते. मग शेतकरी म्हणतो, औषध बोगस. पुढच्या वेळी जास्त कडक मागतो. औषध अळीच्या पहिल्या लहान अवस्थेत, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, नोझल पोंग्यात धरून द्यायचं असतं. एवढं एक वाक्य त्या बाटलीबरोबर गेलं असतं तर निम्म्या बाटल्या वाचल्या असत्या, असं माझं मत आहे.

तुरा आल्यावर मक्यावर रासायनिक फवारणी करू नये, अशी शिफारस आहे. तेव्हा अळ्या वेचायच्या. या शिफारशीमागे मला एक फार साधी गोष्ट दिसते. तेव्हा मका माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. फवारणारा हात वर करून मारतो आणि ते पाणी त्याच्याच तोंडावर, छातीवर उतरतं. यवतमाळात 2017 साली उंच वाढलेल्या कापसात हेच झालं आणि 20च्या आसपास शेतकरी-शेतमजूर जिवाला मुकले. पंप बहुतेकदा मजुराच्या पाठीवर असतो. बाटलीवरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण काय सांगतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सापळ्यांचंही तसंच. कामगंध सापळ्यात नर पतंग अडकतात. एकरी पाच सापळे लावतात ते पतंग आले का, ही बातमी मिळावी म्हणून. ल्युअर, म्हणजे सापळ्यातली गंधाची वडी, महिन्याभरात निकामी होते, ती बदलावी लागते. अनुदानातून आलेला सापळा जुन्या ल्युअरसह दिवाळीपर्यंत लोंबकळत राहतो आणि कागदावर 'एकात्मिक व्यवस्थापन राबवले' अशी नोंद होते. ट्रायकोकार्डातली, किडीच्या अंड्यांवर जगणारी परोपजीवी माशी तर दोन-चार दिवसांत बाहेर येते. कार्ड वेळेवर पोचलं नाही, किंवा लावल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारच्याने विष मारलं, की सगळं फुकट.

हे सगळं डोलवीत बसून मी लिहितोय त्याला कारण आहे. एकात्मिक हा शब्द यायच्या आधीपासून आमच्या भातात हे ज्ञान होतं. सुरळीतील अळी आली की दोन टोकांना दोघं उभे राहून भातावरून दोर ओढतात, सुरळ्या पाण्यात पडतात, मग बांध फोडून पाणी काढून देतात. खोडकिड्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वैभव विळा दिला. त्याने भात जमिनीलगत कापला की धसकटात लपलेल्या अळीला घर उरत नाही. दोर आणि विळा. यांची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यांची बाटली विकता येत नाही.

इंडोनेशियाने हे भातावरच शिकून घेतलं. तपकिरी तुडतुड्यांनी भात बसवला तेव्हा कळलं की फवारणीनेच तुडतुडे वाढताहेत, कारण त्यांना खाणारे कोळी आणि ढेकूण आधी मरतात. 1986 साली तिथल्या सरकारने भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 पासून शेताच्या बांधावर शाळा भरवल्या. आपल्या कृषी विभागाची शेतीशाळा त्याच वाटेने आली. भारताने तर 1985 सालीच एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीकसंरक्षणाचं अधिकृत धोरण म्हणून स्वीकारलं. चाळीस वर्षं झाली. बऱ्याच ठिकाणी आजही शेतीशाळा म्हणजे सतरंजी, बॅनर, फोटो आणि चहा. शाळा भरायची ती पोंग्यात डोकं घालून, हातात वही घेऊन, एकाच शेतात पेरणीपासून तुऱ्यापर्यंत दर आठवड्याला.

म्हणून मागणं एवढंच. कृषी सहायकाच्या डोक्यावरचे पंचनामे आणि याद्या कमी करा आणि त्याला शेतात उभं राहू द्या. प्रत्येक गावात दोन मुलं-मुली मोजणीसाठी तयार करा आणि त्यांना त्या कामाचे पैसे द्या. आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, दुकानाच्या आधी तो शेतकऱ्याला दिसू द्या. किल्ला-रोह्याचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, कर्जतचं भात संशोधन केंद्र जवळ आहे. भातापासून सुरुवात करा.

आणि तुम्ही, जे या रस्त्याने अलिबागला, गोव्याला जाता, तुम्हीही. कणसाच्या शेंड्याला अळी निघाली तर मावशींना तेवढा शेंडा मोडायला सांगा आणि तेच कणीस भाजून घ्या.