सोळा-तेराचं ॲव्हरेज

अहो वहिनी, कपडे वाळत घालता घालताच ऐका. तुमचा धाकटा टाटांचा जुना सोळा-तेरा ट्रक बघून आला म्हणे? काल आमच्या ओट्यावर बसला होता. त्या गाडीचं नाव निघायचा अवकाश, आमचे हे सुटलेच. "जुनं ते लोखंड! बेंझचं रक्त आहे तिच्यात! ॲव्हरेज विचारूच नकोस!"

बेंझचं खोटं नाही हो. टाटांचा त्यांच्याशी करार होता, १९५४ ते १९६९. पण ॲव्हरेजचं? डिझेलची वही कोण लिहितं आमच्याकडे? मीच ना! ह्यांना आठवतं ते रिकामी गाडी चाळीसच्या वेगानं आणली तेव्हाचं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, आणि वर ताडपत्री फडफडत असली की बघायलाच नको. भरल्या गाडीचं, ऐंशीच्या वेगाचं ॲव्हरेज वहीत आहे. ते पान हे कधी उघडत नाहीत.

आणि काळा धूर! "बघ, कसा जोर मारतेय!" अहो, जोर कसला? अर्धवट जळलेलं डिझेल ते, पैसेच उडतायत नळीतून. फिटरकडून डिझेलचा पंप वाढवून घेतला, की डिझेल जास्त जातं, हवा तेवढीच.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे उतारावर न्यूट्रल. धाकट्याला हे आधी सांगा. खंबाटकी घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की पंपच डिझेल तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात. हो, जुन्या पंपाच्या गाडीतसुद्धा! न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. वाचलं काय मग? वर सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापले की ब्रेक लागत नाहीत. अशा बातम्या काय कमी वाचतो आपण?

रॉकेल मिसळायचं तर नावच नको. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं, तिथली झीज महागात पडते.

मग जुन्या गाडीत काही चांगलं नाहीच का? आहे की. रात्री ढाब्यापाशी बंद पडली तरी पान्यानं, हातोडीनं सुरू होते. २०२० नंतरच्या बीएस सिक्सला सेन्सर काय, युरिया काय, लॅपटॉपवाला येईपर्यंत बसा! माणसं दुरुस्तीतली ही स्वस्ताई बघतात आणि डिझेलही स्वस्तात पडतं असं धरून चालतात.

घ्यायचीच असेल तर घेऊ द्या, पण किंमत डिझेलचा हिशोब धरून पाडा. आणि गाडी बघायला ह्यांना नेऊ नका हं. हे नुसते बॉनेटवर हात फिरवत बसतील. मी येते, टाकी फुल करून भरल्या गाडीनं घाट चढवून आणायला लावू. चला, कुकरची शिट्टी झाली वाटतं!