अर्ध्या डब्यात अख्खं घर

प्रस्तुत मार्गदर्शिका चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे किंवा कापूरव्होळवरून भोरकडे वळणाऱ्या अशा सर्व कुटुंबप्रमुखांसाठी आहे, ज्यांनी 'यंदा घराला रंग काढायचाच' असा निश्चय दर दसऱ्याला केलेला आहे. पुण्यातल्या फ्लॅटवाल्यांनी ती वाचू नये. त्यांच्यासाठी वेगळी मासिकं निघतात. त्यांत एक भिंत गडद आणि बाकी तीन फिक्या ठेवायला सांगतात. आपल्याकडे ही पद्धत पूर्वापार आहे. रंग संपला की ती आपोआप अमलात येते.

भांडवल

तोरण्यावर सापडलेल्या द्रव्यातून राजगडाचं बांधकाम झालं, असं सांगतात. अर्थसंकल्पाची ही पद्धत वेल्हे तालुक्यातच जन्मली (त्याचं नावही आता राजगड तालुका झालं आहे), म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करावी. माळ्यावर चढावं. हंड्यात मोहरा नसतील, पण झाकण चिकटलेले डबे नक्की असतील. ते पेचकसाने उघडावेत. वरची साय काठीने बाजूला सारून खाली कोणता रंग आहे तो पाहावा आणि तोच आपला आवडता रंग असल्याचं घरात जाहीर करावं.

हे डबे आले कुठून, हे विचारण्यात अर्थ नाही, पण वंशावळ साधारण अशी असते. देवळाच्या शिखराला यात्रेआधी रंग दिला, त्यातला केशरी उरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला निळा मारला, तो उरला. बैलांच्या शिंगांना लावायला लाल आणलेला, पण शिंगांना मुळात लागतो किती? (गुरांचे डॉक्टर शिंगांना ऑइलपेंट लावू नका म्हणून दरवर्षी सांगतात. त्यांचं ऐकावं, म्हणजे आणखी उरतो.) धाकट्याच्या टपरीचा पिवळा, पाण्याच्या टाकीच्या स्टँडचा चंदेरी. झेडपीच्या शाळेत 'बोलक्या भिंती' रंगवल्यावरही थोडाफार रंग उरतो, पण तो मागायला जाऊ नये. तिथे गुरुजींनी बरेचदा स्वतःचा खिसा हलका केलेला असतो.

एकच पथ्य पाळायचं. ऑइलपेंट आणि डिस्टेंपर एका बादलीत ओतू नयेत, दूध नासतं तसा प्रकार होतो. ऑइलपेंट ऑइलपेंटमध्ये मात्र बेलाशक मिसळावा. केशरी, निळा, लाल, पिवळा आणि चंदेरी एकत्र केल्यावर जो रंग तयार होतो, त्याला कोणत्याही कंपनीच्या शेडकार्डात जागा नाही. आपलं घर दुरून ओळखू यावं, ही इच्छा मात्र तो पुरी करतो.

मुहूर्त

दिवाळीला रंग काढणं ही सपाटीवरच्या लोकांची रीत आहे. पानशेत, हिर्डोशी, घिसरच्या बाजूला जून ते सप्टेंबर पाऊस भिंतीत मुक्कामाला असतो आणि तो दसऱ्याच्या दिवशी बॅग भरून निघून जात नाही. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओलीच असते. तिच्यावर रंग चढवला की ओल बाहेर यायला वाट शोधते, येताना क्षार घेऊन येते, आणि संक्रांतीपर्यंत पोपडे सुटायला लागतात. खात्री करायची असेल तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर रंगाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

खरा मुहूर्त एकच, घरातलं लग्न. ते एप्रिल-मेमध्ये असतं, भिंती खडखडीत असतात, आणि मुख्य म्हणजे पैसे कुठूनतरी उभे राहिलेलेच असतात. त्यांत रंगाचे चार पैसे लपून जातात. त्यामुळे घराला किती वर्षांनी रंग लागेल, हे घरात किती मुलं आहेत आणि त्यांच्या वयांत किती अंतर आहे यावर ठरतं. एकुलता एक मुलगा असेल, तर त्याच्या लग्नात टिकाऊ माल वापरावा.

लग्नघराच्या दर्शनी भिंतीची सजावट हा या भागातला सर्वांत धीट आणि सर्वांत स्वस्त प्रकार आहे. दाराच्या एका अंगाला 'शुभविवाह', त्याखाली चि. आणि चि. सौ. कां. यांची नावं आणि तारीख. दुसऱ्या अंगाला गणपती, कलश, केळीचे खांब, तुतारीवाला. पेंटर हे सगळं उक्तं घेतो आणि एका दिवसात उरकतो. मात्र भोर विधानसभा बारामती लोकसभा मतदारसंघात येते, हे ध्यानात ठेवावं. २०२४ पासून तुतारीवाला काढण्याआधी पेंटर 'काढू ना नक्की?' असं दोनदा विचारून घेतो. अशा वेळी आत ओसरीवर, बाहेरून दिसेल असं, भिंतीवरचं घड्याळ टांगावं. दोन्ही बाजूंचे पाहुणे जेवून जातात.

रंगनिवड

शेडकार्डावर चौकोन असतो बोटाच्या नखाएवढा. त्यात जो पोपटी डोळ्यांना गारवा देतो, तोच चार भिंतींवर चढला की अंगावर येतो. यात कंपनीची लबाडी नाही. समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग परतवत राहतात आणि लहान खोलीत तो आणखी गडद होतो. म्हणून पसंत पडलेल्या रंगापेक्षा एक-दोन घरं फिका घ्यावा. हा सल्ला अनुभवी आहे आणि भोर बाजारपेठेत आजवर तो कोणी मानलेला दिसत नाही.

हिरव्या खोलीत माणसाच्या तोंडावर हिरवट झाक पडते. मुलगी बघायला पाहुणे येणार असतील तर बैठकीच्या खोलीला अबोली किंवा फिका गुलाबी द्यावा. मुलगी सावळी-गोरी कशीही असो, तोंडावर तजेला येतो. पाहुणे नको असतील आणि तोंडाने नाही म्हणायची सोय नसेल, तर पोपटीच ठेवावा आणि ट्यूबलाइट लावावी.

बाहेरच्या भिंतीचा विषय नाजूक आहे. भगवा दिला, हिरवा दिला, निळा दिला, प्रत्येक वेळी पारावर एकच प्रश्न येतो: 'कुठं गेलात हो?' ग्रामपंचायतीची निवडणूक सहा महिन्यांवर असेल तर बदामी द्यावा. बदामीचा अजून कोणता पक्ष निघालेला नाही. निकालानंतर गुलाल उधळला जातो, तेव्हा भिंतीला जो रंग लागायचा तो फुकटात लागतोच.

ठळक रंगाचा खरा उपयोग वाटणीत कळतो. एकाच लांब घराचे दोन भावांत दोन भाग झाले की कोर्टकचेऱ्या, मोजणी, नकाशे अशा खर्चात पडण्यापेक्षा थोरल्याने जांभळा आणि धाकट्याने पिवळा मारावा. ओसरीच्या मधल्या खांबावर दोन्ही रंग जिथे भेटतात ती रेघ ओळंबा लावून काढलेली असते. घर बांधताना कुठे ओळंबा लावला नव्हता, इतक्या नेमकेपणाने. खांबाचा जांभळा भाग पिवळ्यापेक्षा बोटभर रुंद निघाला, तर पुढचा पंचनामा या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

चुना

इथे थोडं गंभीर व्हावं लागेल. ज्यांचं घर अजून दगडमातीचं आहे, त्यांना शहरात शिकलेला पुतण्या प्लास्टिक पेंट लावायला सांगेल. त्याला जेवायला वाढावं, पण त्याचं ऐकू नये. मातीची भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती सोडूनही देते. प्लास्टिक पेंटचा थर तिचं तोंड बंद करतो. मग ओल आतच राहते आणि एक दिवस रंग मातीच्या पापुद्र्यासकट खाली येतो. चुना भिंतीला मोकळं ठेवतो. शिवाय तो इतका जहाल अल्कली आहे की बुरशीला त्याच्यावर संसार थाटणं जड जातं. सर्वांत स्वस्त तेच सर्वांत योग्य, असा योग रंगकामात दुसरा नाही. चार भावकीवाल्यांना हे पटणार नाही, कारण त्यात पैसे गेलेले दिसत नाहीत.

कृती अशी. कळीचा चुना घ्यावा. लोखंडी पिंपात पाणी भरून त्यात खडे थोडे थोडे सोडावेत. खड्यांवर पाणी ओतू नये, आणि प्लास्टिकच्या बादलीत तर हा उद्योग मुळीच करू नये. चुना विरताना पाणी उकळतं. पोरांना लांब ठेवावं, कारण डोळ्यात शिंतोडा गेला तर थेट दवाखानाच. रात्रभर विरू द्यावा, सकाळी जुन्या लुगड्यातून गाळावा, चिमूटभर मीठ आणि थोडा डिंक घालावा. थोडी नीळ टाकली की पांढरा आणखी पांढरा दिसतो, सढळ हाताने टाकली की आकाशी होतो. धीट रंग हवा असेल तर गेरू आणि पिवळी माती आहेच. लोखंडाची ऑक्साइडं असलेल्या या मातीच्या रंगांना चुना खात नाही, बाकीचे बरेच रंग तो वर्षभरात उडवून लावतो.

मात्र हौस आवरावी. रंग चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापुढे गेला की धरत नाही, हाताला येतो. पाहुणे भिंतीला टेकून बसतात आणि उठतात तेव्हा पाठीवर आपल्या घराचा रंग घेऊन जातात. भोरच्या एस.टी. स्टँडवर कोण कुणाकडे जाऊन आलं, हे त्यामुळे न विचारता कळतं.

घरकुल

घरकुल योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार, घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आसपास. हिशोब सोपा आहे. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची. दार-खिडक्या वजा जाता चारशे चौरस फूट भिंत. साधं इमल्शन दोन हातांना लिटरमागे पन्नास चौरस फूट धरलं, तर एका खोलीला आठ लिटर. हा आकडा काढून झाल्यावर कागद घडी करून खिशात ठेवावा आणि शेवटच्या हप्त्याच्या फोटोत दिसेल तेवढीच भिंत रंगवावी. ग्रामसेवकाला कुठे उभं करायचं, हे आधी ठरवून ठेवावं.

स्टेनरच्या बाटल्या पिळून रंग घरीच बनवणार असाल, तर सगळा एकदाच एका पिंपात बनवावा. दुसऱ्यांदा तोच रंग कुणालाही जमलेला नाही. कपाट, कणगी आणि फ्रिज यांच्यामागची भिंत रंगवणं म्हणजे पैसे पाण्यात. मात्र नंतर कपाट हलवायचं नाही, हे सुनेला लग्नाआधीच सांगितलेलं बरं.

पुट्टी, म्हणजे आपल्या पेंटरच्या भाषेत लांबी: नको. भिंतीचे खड्डे ही ओळख आहे.

पश्चिमेची भिंत

हिला रंग देऊ नये. पाऊस सगळा हिच्यावरच येतो आणि मे संपता संपता हिच्यावर ताडपत्री चढते. ताडपत्रीलाही पैसे पडतात, म्हणून वाढदिवसांचे फ्लेक्स वापरावेत. बॅनर उतरवण्याच्या रात्री चौकात वेळेवर हजर राहिलं की मिळतात. चांगल्या प्रतीचा फ्लेक्स एक पावसाळा काढतो. छापील बाजू आत ठेवावी की बाहेर, यावर मतभेद आहेत. बाहेर ठेवली तर चार महिने घराला भडक, बहुरंगी आणि हसतमुख भिंत मिळते. पण ज्यांचा वाढदिवस होता ते निवडून आले तर लोक आपल्याकडे कामं घेऊन येतात, आणि पडले तर कुणी येत नाही. आत ठेवली तर जुलैत कधी फट पडून उजेड आला की अंधाऱ्या माजघरात कुणीतरी नमस्कार करताना दिसतं. म्हातारी माणसं दचकतात.

रस्त्याकडेची भिंत असेल तर मात्र नशीब उघडलं. सिमेंटवाले, मोबाइलवाले, बियाणंवाले ती फुकट रंगवून देतात, कधी वर चार पैसेही टिकवतात. अट एकच, रंग ते निवडणार. भोरच्या राजवाड्यात सिनेमावाले सारखे येतात म्हणून कुणाला वाटेल की तेही आपली भिंत रंगवून जातील. ते राजवाडा बघतात, आपल्या घराकडे पाठ करून कॅमेरा लावतात.

रंग सुकेपर्यंत

'रंग ओला आहे' अशी पाटी लावू नये. ती वाचली की माणूस खात्री करून घेतोच. पाटी न लावताही शेजारचे आबा, दूधवाला, पोस्टमन आणि दोन्ही चुलत्या एकेक बोट लावून जातील. भावकीतला जाणता माणूस तर आख्खा पंजा टेकून 'चांगला बसलाय' म्हणतो. या ठशांवर दुसरा हात मारायला पेंटर सापडत नाही, कारण उचल घेऊन तो दुसऱ्या लग्नघरी गेलेला असतो. तेव्हा ठशांची उंची मोजून ठेवावी आणि जानेवारीत पतसंस्था, कृषिसेवा केंद्र आणि सराफ यांच्याकडे कॅलेंडरसाठी आधीच शब्द टाकावा. आबांच्या बोटाला छोटं पुरतं. पंज्याला मात्र सराफाचंच लागतं, लक्ष्मीचं मोठं, आणि ते तो फक्त सोनं घेणाऱ्यालाच देतो.