उभी रेघ

पाठ्यपुस्तकातली चौकोनी पल्स काढायला पट्टी आणि पेन्सिल पुरते. आडवी रेघ, काटकोनात वर, पुन्हा आडवी, काटकोनात खाली. पूर्ण मार्क. त्या उभ्या रेघेचा अर्थ एवढाच, की एकाच क्षणी व्होल्टेज शून्यही आहे आणि पाचही. परीक्षकाला हे चालतं, सर्किटला चालत नाही.

आडवा येतो कपॅसिटर. नुसत्या तारेलाही थोडी कपॅसिटन्स असतेच. 100 पिकोफॅरडवर 5 व्होल्ट 1 नॅनोसेकंदात चढवायचे तर अर्धा अँपिअर लागतो; शून्य वेळात चढवायचे तर अनंत. एवढा करंट देणारा पॉवर सप्लाय कुठल्याच कॉलेजच्या लॅबमध्ये नाही. तिथे सीआरओचा धड प्रोब मिळाला तरी गंगेत घोडं न्हालं!

म्हणून खऱ्या पल्सला राइज टाइम असतो. आई जेवायला हाक मारते आणि चिरंजीव आतून ‘आलोच’ म्हणून ओरडतात, तेव्हापासून ताटावर बसेपर्यंतचा हा काळ. इंजिनिअर मंडळी तो 10 टक्क्यांपासून 90 टक्क्यांपर्यंतच मोजतात आणि ते शहाणपणाचं आहे. चिरंजीव खुर्चीतून नेमके कधी हलले आणि मोबाइल शेवटी कधी खाली ठेवला, यावर कुठल्याच घरात एकमत होत नाही.

सिम्युलेशनमध्ये हा काळ आपणच नेमून द्यायचा असतो. ‘स्पाइस’ हा प्रोग्रॅम 1973 साली कॅलिफोर्नियात बर्कलीला जन्मला. त्याच्या कुळातल्या सॉफ्टवेअरमध्ये पल्स मागायची तर सात आकडे भरावे लागतात: खालचं व्होल्टेज, वरचं व्होल्टेज, उशीर, चढ, उतार, रुंदी, आवर्तन. नवखा माणूस चढ-उताराच्या जागी आदर्शवादाने शून्य टाकतो. बर्कलीचं स्पाइस त्यावर वाद घालत नाही. मुकाट्याने शून्य खोडतं आणि उत्तरं छापण्यासाठी आपण दिलेली वेळेची पायरी तिथे बसवतं. पुढे कधीतरी आपण ती पायरी लांबवतो आणि सर्किटला हातही न लावता पल्सची कड तिरपी होते. गुपचूप केलेल्या या सोयीपेक्षा खडसावून सांगितलेलं मला परवडलं असतं. खडसावणंही त्याला येतं म्हणा. कड अतोनात उभी दिली, की ते वेळेची पायरी लहान लहान करत जातं आणि कधी कधी ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ म्हणून हात टेकतं.

रुंदीचीही एक मेख आहे. ती फक्त माथ्यावरची सपाटी. चढ-उतार तिच्यात धरलेले नसतात. 1 मायक्रोसेकंदाच्या आवर्तनात निम्मा वेळ पल्स हवी आणि दोन्ही कडा 10 नॅनोसेकंदांच्या, तर रुंदी 490 लिहायची. 500 लिहिली की अर्ध्या उंचीवर मोजताना 510 भरते.

इतकं करूनही कोपरे टोकदारच राहतात. खरे कोपरे गोलसर असतात. त्यावर मला आवडणारा उपाय स्वस्त आहे: स्रोतापुढे 50 ओहमचा रेझिस्टर आणि 10 पिकोफॅरडचा कपॅसिटर. राइज टाइम म्हणजे आर गुणिले सीच्या 2.2 पट, इथे साधारण 1.1 नॅनोसेकंद.

मात्र आकडा मनाचा घेऊ नका. ज्या चिपची नक्कल करायची तिची डेटाशीट उघडा. 555 टायमरच्या डेटाशीटमध्ये तो सरळ छापलेला असतो: साधारण 100 नॅनोसेकंद.