‘म्हणजे तू अजून बघितलंच नाहीस?’

शिफारसराव भेटले की ‘काय, बरं आहे ना?’ असलं काही विचारत नाहीत. ‘सध्या काय बघतोयस?’ हाच त्यांचा नमस्कार. हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, हे मित्रमंडळात एव्हाना सगळ्यांना कळलेलं आहे. समोरच्याने बिचकत एखाद्या मालिकेचं नाव घेतलं की रावांच्या चेहऱ्यावर कणव दाटून येते. ‘ती होय? ठीक आहे. पण तिसऱ्या सीझनला मातीच केली त्यांनी.’ समोरचा पहिल्या सीझनच्या चौथ्या भागावर असतो. तिसरा सीझन आहे हेही त्याला आत्ताच कळलेलं असतं.

वय पंचेचाळिशीच्या अल्याडपल्याड, नोकरी बरी, घर कोथरूडला, ठाण्याला किंवा नाशिकच्या गंगापूर रोडला. आडनाव काहीही असू शकतं. एका कट्ट्यावर एकच राव नांदतो. चुकून दोन झाले तर त्यातल्या एकाला सायकलिंगकडे वळावं लागतं.

या जातीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला, तोही बायकांवर. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर या मध्यम आकाराच्या गावात १९४५ साली आठशे स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. घरात कुठला नवा माल आणलात, कुठला सिनेमा बघितलात, कपड्यांची फॅशन कशी ठरवता, सार्वजनिक प्रश्नांवरचं मत कुणाशी बोलून बनवता, असे साधे प्रश्न. त्यावर एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’ हे पुस्तक लिहिलं. निष्कर्ष असा की जाहिरातीपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त चालतो, आणि शब्द चालणारी ही माणसं कुणी बडी नसतात, आपल्यासारखीच शेजारपाजारची असतात. मात्र डिकेटरमध्ये खातेवाटप चोख होतं. सिनेमाचं खातं तरुण, बिनलग्नाच्या मुलींकडे. वाणसामानाचं खातं मोठ्या कुटुंबातल्या गृहिणींकडे. एकीने दुसरीच्या खात्यात सहसा लुडबूड केली नाही. आमच्या रावांनी सगळी खाती स्वतःकडेच ठेवली आहेत. इराणी सिनेमा, फाउंटन पेन, गाद्या, बालसंगोपन, कोल्ड ब्रू कॉफी. अर्थखातं तेवढं वहिनींकडे आहे.

रावांचे पूर्वज चाळीत राहत. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी काढला, तेव्हापासून ‘यंदा कुठला अंक चांगला?’ हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला जातो आणि त्याचं उत्तर देणारा माणूस प्रत्येक वाडीत असतोच. पुढे बिनाका गीतमालेत या आठवड्यात कुठलं गाणं कितव्या पायरीवर गेलं हे त्यालाच पाठ असे. आखातातून आलेल्या भाच्याने कुठला टू-इन-वन आणला हेही तोच सांगे. पण त्या काळी शिफारशीला पदरमोड होती. ‘वाच’ म्हटलं की लगेच ‘दे’ असं उत्तर येई, आणि दिलेलं पुस्तक परत येण्याची खात्री नसे. वाचनालयातली एकुलती एक प्रत आधी आपल्याच नावावर असायला लागे. त्यामुळे माणूस वर्षाकाठी चार-पाच गोष्टी सुचवे, आणि त्या बहुतेक त्याने पूर्ण वाचलेल्या असत. आता लिंक पाठवायला काहीच जात नाही. राव सकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो पाच लिंका पाठवतात.

त्यातलं किती त्यांनी स्वतः पुरं केलेलं असतं, हा नाजूक विषय आहे. जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने २०१४ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये एक गमतीशीर मापक मांडला. किंडलवर वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली पाच वाक्यं पुस्तकात कितव्या पानांवर आहेत ते बघायचं, सरासरी काढायची आणि एकूण पानांशी ताडायची. वाचक कुठवर पोचले याचा अंदाज येतो. डोना टार्टच्या ‘द गोल्डफिंच’ कादंबरीला ९८.५ टक्के मिळाले. त्या वर्षी जगभर गाजत असलेल्या थॉमस पिकेटींच्या भांडवलावरच्या ग्रंथाला मिळाले २.४ टक्के. जवळजवळ सातशे पानांचं पुस्तक, आणि पहिल्या पाचांतलं शेवटचं वाक्य सव्विसाव्या पानावर. रावांनी हा ग्रंथ त्याच वर्षी सतरा जणांना सुचवला होता. विषमतेबद्दल ते आजही पोटतिडकीने बोलतात, फक्त सव्विसाव्या पानापुढचं काही बोलत नाहीत.

मग ‘इकिगाई’ आलं. जपानी माणूस शंभर वर्षं कसा जगतो, ओकिनावातलं ओगिमी हे खेडं, ऐंशी टक्के पोट भरलं की थांबायचं, वगैरे. राव सहा महिने जपानमय होते. हे पुस्तक लिहिणारे हेक्टर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरायेस हे दोघेही स्पॅनिश आहेत असं कट्ट्यावरच्या एकाने मुखपृष्ठ वाचून दाखवलं, तेव्हा राव गडबडले नाहीत. ‘बाहेरच्याला जास्त दिसतं,’ म्हणाले, आणि ऐंशी टक्के पोट भरल्यावर मिसळीचा तिसरा पाव मागवला.

बघण्याच्या बाबतीत त्यांची खरी कसोटी लागते, कारण तिथे स्पर्धा मोठी. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आलं आणि त्यानंतर काय बघावं हा प्रश्न आनंदाचा राहिला नाही, कामाचा झाला. ‘डार्क’ ही जर्मन मालिका रावांनी भारतात सगळ्यांत आधी पाहिली असा त्यांचा दावा आहे. विंडन नावाच्या गावातली चार घराणी, तेहतीस वर्षांचं कालचक्र, कोण कुणाचा बाप आणि कोण स्वतःचाच आजा, हे समजावून देण्यासाठी त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर वंशवृक्ष काढला होता. ती पत्रिका दोन कुटुंबांत फिरली. एकाकडे ती फ्रिजवर चुंबकाने लावलेली होती, आणि पाहुणे ‘कुणाची वंशावळ?’ म्हणून विचारत.

सांगण्यासारखी गोष्ट अशी की मित्रांनी तिन्ही सीझन नेटाने संपवले, डोकं धरून रावांकडे चर्चेला गेले, तेव्हा राव तिथे नव्हते. म्हणजे देहाने होते. मनाने कोरियात गेले होते. ‘डार्क? हो, चांगली होती. जरा डोक्यावर घेतली लोकांनी.’ ज्यांनी डोक्यावर घेतली त्यांत आपणच पहिले होतो याचा मागमूस चेहऱ्यावर नाही. आपण मुक्कामी पोचावं आणि रावांनी गाशा गुंडाळलेला असावा, हे दर वेळचं आहे. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’ला २०२० साली व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, त्या रात्रीपासून राव त्याबद्दल बोलत होते, चित्रपट नेटफ्लिक्सवर आला एप्रिल २०२१ मध्ये. मधले सात-आठ महिने ते न बघितलेल्या चित्रपटाची शिफारस करत होते, आणि ती उत्तम चालली. अल्फोन्सो कुआरोन त्याचे कार्यकारी निर्माते आहेत एवढं वाक्य पुरलं. चित्रपट सगळ्यांना दिसू लागला तसा त्यांचा त्यातला रस ओसरला. खरं तर चित्रपट फारच चांगला आहे, आणि रावांनी तो बघायला हवा.

आधी पोचण्याला मोल असतं, हे केवळ रावांचं खूळ नाही. नेटफ्लिक्सनेच २००६ साली दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं: प्रेक्षकाला काय आवडेल याचा आमचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा. जगभरचे गणिती तीन वर्षं घाम गाळत होते. २००९ मध्ये शेवटी दोन संघांचे गुण सारखेच भरले. बक्षीस मिळालं ते ज्यांनी आपलं उत्तर वीस मिनिटं आधी पाठवलं त्यांना. आणि ती विजेती रचना नेटफ्लिक्सने पुढे पूर्णपणे वापरलीच नाही. ही हकिकत रावांना कुणी सांगू नये. त्यांना त्यात विनोद दिसणार नाही, न्याय दिसेल.

ऐकण्याचं खातं त्या मानाने लहान. पॉडकास्ट ते दीडपट वेगाने ऐकतात, त्यामुळे त्यांचं ज्ञानही थोडं धाप लागल्यासारखं येतं. या सवयीची अडचण डिसेंबरात होते. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला राव न चुकता जातात, सीझन तिकीट काढून. विलंबित ख्याल रंगू लागला की त्यांचा अंगठा आपोआप खिशातल्या फोनकडे वळतो. वेग वाढवायची सोय तिथे नाही. मग ते उठून खाद्यपदार्थांच्या स्टॉलकडे जातात आणि रांगेतल्या अनोळखी माणसाला कुमार गंधर्वांचं कुठलं ध्वनिमुद्रण ऐकायला हवं ते सांगतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं तेव्हा रावांना ज्वारीचा शोध लागला. मंगळवेढ्याची मालदांडी, तिला भौगोलिक मानांकन आहे, ग्लायसेमिक इंडेक्स बघा, असं ते जेवणाच्या टेबलावर आईला समजावत होते. आईंचं माहेर बार्शीचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अरे, गहू परवडायचा नाही म्हणून रोज तीच खायचो आम्ही. तुझ्या बाबांशी लग्न ठरलं तेव्हा मला आनंद कसला झाला होता, तर पुण्यात पोळी मिळेल याचा.’ रावांनी हे वाक्य लगेच टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते ग्रुपवर होतं, ‘आपल्या आज्यांचं शहाणपण’ या शीर्षकाखाली.

आणि मग एअर फ्रायर. फिलिप्सने तो २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला. राव त्याच्यापर्यंत बऱ्याच उशिरा पोचले, पण पोचल्यावर कसर भरून काढली. ‘एक थेंब तेल. एकच!’ असं अंगठा आणि तर्जनी जोडून ते सांगत. आत असतं काय, तर वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, आणि बंद डब्यात गरगर फिरणारी गरम हवा. छोटी भट्टीच. त्यांच्याच सोसायटीतल्या एका मित्राने तो घेतला आणि आषाढी एकादशीला रावांना सपत्नीक फराळाला बोलावलं.

साबुदाणा वड्याचं एक असतं. तापल्या तेलात तो पडला की चहूबाजूंनी एकदम आच लागते आणि वरचा पापुद्रा क्षणात धरतो. गरम हवेला ते जमेपर्यंत साबुदाणा सुकून जातो. डबा ओढून उघडला तेव्हा आत सहा पांढुरके गोळे, वर तडे गेलेले, कॅरमच्या सोंगट्यांसारखे एकमेकांवर टणटणत होते. राव वाकून बघत राहिले. ‘किती ठेवलं होतंस? १८०? तिथेच चुकलं. आधी १९५ला प्रीहीट.’ दुसरा घाणा १९५ला झाला. तो बाहेरून करपला आणि आतला बटाटा गार राहिला. ‘मध्ये उलटायला हवे होते,’ राव म्हणाले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला मित्राच्या आईने कुणाला न विचारता कढई ठेवली होती. पाचव्या मिनिटाला ताटलीत सोनेरी, फुललेले वडे आले, सोबत दाण्याची ओली चटणी. रावांनी चार खाल्ले. ‘हे बघ, मी हेच म्हणत होतो!’ असं ते तिसऱ्या वड्यानंतर म्हणाले. नेमकं काय म्हणत होते, ते विचारण्याची हिंमत कुणाला झाली नाही.

‘ह्याच्या नादी लागू नका हो भावजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘आमच्याकडे बेडखाली तांब्याच्या सहा बाटल्या आहेत.’

वहिनींनी एकदा आणखीही एक गुपित फोडलं. रात्री अकरानंतर, सगळी निजानीज झाली की राव कोरियन नाही, जर्मन नाही, काही नाही, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बघतात. तेच ते जुने भाग, साध्या वेगाने, उशी तोंडावर दाबून हसत. याची शिफारस त्यांनी आजवर कुणालाही केलेली नाही. कट्ट्यावर विषय निघाला तर ‘असतं अधूनमधून बरं’ एवढंच म्हणतात. खरं आवडलेलं ते घरात ठेवतात आणि बाकीचं वाटतात. यात अप्रामाणिकपणा नसावा. आवडलेल्या गोष्टीवर कुणी नाक मुरडलं तर लागतं. सुचवलेल्या गोष्टीवर मुरडलं तर पुढची सुचवता येते.

मित्रही त्यांना सोडत नाहीत, कारण दहातली एक गोष्ट अचूक लागते. एकाला त्यांच्यामुळे फाउंटन पेनाचा नाद लागला आणि तो आता रोज पानभर लिहितो. एकीने त्यांच्या सांगण्यावरून इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीचा सिनेमा बघितला आणि त्या रात्री तिला झोप आली नाही. अशा वेळी रावांना आभाराचा फोन गेला, तर ते ऐकून घेतात, पण लक्ष नसतं. त्यांना आठवतही नाही.

फराळानंतर दोनेक महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला: ‘एअर फ्रायर विकणे आहे. फक्त दोनदा वापरलेला. बिल सोबत.’ दोघांनी लगेच किंमत विचारली. तिसरा संदेश रावांचा होता. ‘मित्रांनो, आजच्या घडीला एअर फ्रायर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सगळं तेच काम ओटीजी निम्म्या पैशात करतो. लिंक पाठवतोय.’ किंमत विचारणारे दोघंही गप्प झाले. लिंक आली. ती सगळ्यांत आधी उघडली ती फ्रायर विकायला काढलेल्या मित्राच्या बायकोने.