बावीस अब्जांची वाघीण

बडनेऱ्याला मालगाडी आली की बाकीचे अपडाऊनवाले शिव्या घालतात, कारण तिच्यापायी आमची अकोल्याची गाडी अडते. मी चष्मा सावरतो. वाघिणीवरच्या अकरा आकड्यांत पहिले दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन बांधणीच्या सालाचे, चार तिचे स्वतःचे आणि शेवटचा पहारेकरी. सम स्थानांची बेरीज तिप्पट करा, विषम स्थानांची मिळवा. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो पहारेकरी. एक आकडा चुकीचा उतरवला की तो बोंब मारतो. हे मला तोंडी येतं याचा मला माज आहे. कुणाला त्याची गरज नाही, हा लोकांचा दोष.

परवा पारसच्या वीजकेंद्राची कोळशाची गाडी समोर थांबली. 22011421032! पहारेकरी बरोबर, आकड्यांची बेरीज 18, आणि बावीस अब्ज एक कोटी चौदा लाख एकवीस हजार बत्तीसला 18 ने निःशेष भाग जातो. संख्या सम आणि बेरजेला 9 ने भाग जातोय, एवढं पाहिलं की उत्तर कळतं. पण मी डोळे मिटून घोर भागाकार चालल्याचा चेहरा केला. मग ओरडलो, "हर्षद!"

"कोन हर्षद? पाकीट मारलं काय त्यानं?" शेजारच्या भाऊंनी खिसा चाचपला.

झालं, मी कापरेकरांवर घसरलो. मी कुठूनही तिथेच घसरतो. आपल्याच आकड्यांच्या बेरजेने भागली जाणारी ती हर्षद, हे नाव देवळालीच्या शाळेतले मास्तर द. रा. कापरेकर यांचं. कुठलेही चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या मांडणीतून चढती वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. सात वजाबाक्यांच्या आत 6174 येतंच. आणि 111111111 चा वर्ग 12345678987654321! असल्या संख्यांना त्यांनी डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून 'डेम्लो' म्हटलं. म्हणजे फलाटावरच्या गणिताला थोर परंपरा आहे; फक्त त्यांना संख्या सुचायच्या, मी रंगवलेल्या वाचतो.

पण एका गोष्टीने माझं डोकं खरंच फिरतं. या माणसाकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, म्हणून आपल्याकडच्या कित्येक विद्वानांनी त्याचं काम पोरखेळात काढलं. 1975 साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा आम्हाला मास्तर दिसले. तोवर ते देवळालीत निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती.

माझा आवाज चढला असावा. मूर्तिजापूरला जाणारे एक म्हातारे कास्तकार सरकत जवळ आले. बंडीच्या खिशातून घड्या पडलेला बँकेचा कागद काढून त्यांनी कर्जखात्याच्या नंबरावर बोट ठेवलं.

"मास्तर, हाबी हर्षद हाय काय पाहा बरं."

बेरीज आली 41, शेवटी बाकी 5. भाग जाईना. त्यांनी बोट उचललं नव्हतं.

"जातो की," मी म्हणालो.

"भाग जाते?" म्हातारा खुदकन हसला. "मंग कर्जबी जाईन म्हना!"