अर्धा सेट

राजोडीत भाऊंना विचारल्याशिवाय कोणी पाण्याचा पंप घेत नाही. विचारलं की पावसाळा येईपर्यंत पंप घेतला जात नाही, ही गोष्ट वेगळी. बावखलातलं पाणी केळीपर्यंत न्यायला किती हॉर्सपॉवर पुरते, तांब्याचं वायंडिंग कोण देतं आणि ॲल्युमिनियमचं कोण गळ्यात मारतं, हे सगळं भाऊंच्या वहीत असतं. नोकरी वसईतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ कपाटात पडून आहे. वर्नियर मात्र अजून खिशात असतो. असा एक माणूस गावोगाव सापडतो. त्याला खरेदीपेक्षा चौकशीत रस. वस्तू घरात आली की बिचाऱ्याचा चेहरा उतरतो.

तर या भाऊंच्या आयुष्यात गोल्फ आलं ते व्याह्यांमुळे. लेकीचे सासरे चेंबूरचे, तिथल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे सभासद. हा क्लब १९२७ सालचा, म्हणजे व्याह्यांपेक्षाही जुना. पण व्याही बोलतात असे की जणू पायाभरणीला स्वतः हजर होते. दिवाळीत ते सहज म्हणाले, "या की भाऊ एकदा खेळायला. काठ्या माझ्याच वापरा."

शेवटच्या वाक्याने घात केला. मुलीच्या सासऱ्याची उसनी काठी हातात धरायची? भाऊंनी नवी वही काढली.

पहिल्याच पानावर चौदा हा आकडा. खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. पूर्वी धरबंध नव्हता. हौशी लोक वीस-पंचवीस घेऊन निघत आणि ओझं कॅडीच्या खांद्यावर. अमेरिकेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनने १९३९ मध्ये चौदावर गाडी थांबवली. भाऊंनी हे कौतुकाने वहिनींना वाचून दाखवलं.

"चौदा?" वहिनी मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. "कुदळ, फावडं, कोयता नि विळा, एवढ्यावर सासऱ्यांनी अख्खी वाडी उभी केली. तुम्हाला एक चेंडू खड्ड्यात घालायला चौदा हत्यारं?"

भाऊ चिडले, पण टोला बरोबर बसला होता. पंधरवडाभर आकडेमोड करून ते सातावर आले, आणि खरं सांगायचं तर नवशिक्याला याहून शहाणा सल्ला पैसे मोजूनही मिळणार नाही. लांब मारायला ड्रायव्हरऐवजी एक वूड, कारण ड्रायव्हरचा उतार जेमतेम दहा-बारा अंशांचा आणि नवशिक्याचा चेंडू त्यावरून सरळ जाण्याऐवजी शेजाऱ्याच्या कौलावर जातो. मग एक हायब्रीड, सहा आणि आठ नंबरचं आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. आयर्न घ्यायचं तर मागून पोकळ कोरलेलं, वजन कडांना वाटलेलं. फटका मधोमध बसला नाही तरी ते हातात फार वळत नाही. वजन कडेला नेण्याची ही युक्ती रुजवली कार्स्टन सोल्हाइम या इंजिनियरने. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करत असताना गॅरेजमध्ये खटपट करून त्याने पटर बनवला, चेंडूला लागताना 'पिंग' वाजला म्हणून १९५९ मध्ये तेच नाव ठेवलं. त्याचा विषय निघाला की भाऊंचा आवाज बदलतो. आपल्या टूलरूमचाच माणूस, फक्त बदली झालेला.

मग मापं. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घेताना वहिनींनी टेप धरला आणि "पाठ सरळ करा, दोन इंच तिथेच वाढतील" असं सुचवलं. नोंद प्रमाण लांबीची झाली. शाफ्ट ग्राफाइटचा, कारण हलका आणि साठीच्या कोपरांना बरा.

दुकानदारांची मला खरोखर दया येते. मुंबईतल्या एका दुकानात भाऊंनी स्वस्तातल्या 'टायटॅनियम' ड्रायव्हरला खिशातलं चुंबक लावलं. चिकटलं नाही. दुकानदार खूश. "ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही," भाऊ म्हणाले आणि वर्नियर काढला. घ्यायचा नव्हताच ड्रायव्हर! दुकानदाराने चहा मागवला होता, तो परत पाठवला.

मधेच कुणीतरी सांगितलं की त्याच चेंबूरच्या क्लबशेजारच्या वस्तीत, कॅडीचं काम करणाऱ्या पोरांनी बांधकामाच्या सळया वाकवून क्लब केले, प्लास्टिकचे चेंडू घेतले आणि गल्लीबोळांतच गोल्फ मांडलं. यापेक्षा स्वस्त सेट जगात नसेल. भाऊंनी लगेच व्हाइसमध्ये सळई धरली. तयार झालेल्या क्लबने चेंडू वीस फूटही गेला नाही. ती सळई आता वहिनी शेवग्याच्या शेंगा पाडायला वापरतात. कोन उत्तम साधला आहे म्हणतात.

शेवटी मालाडच्या एका गृहस्थांकडे जुना अर्धा सेट मिळाला. त्यांची कंबर गेली होती. नामांकित कंपनीच्या एका नव्या ड्रायव्हरला पडतात त्याहून कमी पैशांत सातही नग. भाऊंनी प्रत्येक शाफ्ट डोळ्याला लावून बाक पाहिला, डोकं हलवून आत काही खुळखुळतं का ऐकलं, खाचा नखाने तपासल्या. ग्रिप कडक झाल्या होत्या, त्यावर आणखी पैसे पाडले. ग्रिप घरीच बदलता येते: जुनी कापायची, दुहेरी चिकटपट्टी, थोडं टर्पेंटाइन, नवी सरकवायची. गृहस्थ कंटाळून म्हणाले, "पिशवी फुकट घ्या, पण आता निघा."

आणि संध्याकाळची विरार लोकल! ज्या गाडीत छत्री उघडी सोडा, मिटलेलीही दोन्ही हातांनी छातीशी धरावी लागते, तिथे भाऊ गोल्फची पिशवी घेऊन उभे. नेहमीच्या डब्यातल्यांनी मान नुसती डावीकडून उजवीकडे हलवली. भाऊ मालडब्याकडे धावले. तिथे रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या आपल्याकडच्या भाजीवाल्या. एकीने सरकून जागा दिली आणि विचारलं, "हॉकी का?"

"गोल्फ."

"केवढ्याला?"

भाऊंनी आकडा सांगितला. किती पाडून घेतला तेही सांगितलं. डब्यात थोडा वेळ हिशेब चालला.

"सात घेतल्या ना? मग आठवी वर नाही मागितली?"

सहा महिन्यांच्या संशोधनात हा मुद्दा सुटला होता. मिरा रोडपासून पुढे भाऊ कोणाशी बोलले नाहीत.

सराव राजोडीच्या किनाऱ्यावर, पहाटेच्या ओहोटीला, भोकांच्या प्लास्टिक चेंडूंनी. रविवारी नाही, कारण रिसॉर्टवाल्यांची गर्दी. समोर सगळी वाळूच, तेव्हा सँड वेजपासून सुरुवात. जीन साराझेनने १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली ती याच हत्याराच्या जोरावर, हे भाऊ सुरूच्या झाडांनाही सांगून झाले आहेत. पण त्या वेजचा तळ जाड असतो तो भुसभुशीत वाळूत रुतू नये म्हणून. ओहोटीची ओली वाळू फरशीसारखी टणक. वेज उसळतो, चेंडूच्या पोटात लागतो आणि चेंडू थेट समुद्राकडे. कारण भाऊंना नीट ठाऊक आहे. दर वेळी ते कारण समजावतात आणि पँट वर करून पाण्यात शिरतात.

चेंबूरला एकदाच जाणं झालं. खेळाबद्दल दोन्ही घरांनी मौन पाळलं आहे. पण भाऊंनी तिथे व्याह्यांची पिशवी उपसून एकेक क्लब मोजला: शाफ्ट फार ताठ, दोन आयर्न कधीच न वापरलेली, पटर वाकलेला. गेल्या आठवड्यात व्याह्यांचा फोन आला. "भाऊ, मलाही एखादा हायब्रीड बघा ना, जुना चालेल."

भाऊंनी वहीचं कोरं पान उघडलं. "घाई नाही ना तुम्हाला?"