अंड्यात श्वास कसा घ्यावा? (नवशिक्या पिल्लांसाठी)

कोंबडीच्या अंड्यात २१ दिवसांच्या मुक्कामाला आलेल्या सर्व पिल्लांचे स्वागत! आत अंधार असल्याने या पुस्तिकेत आकृत्या दिलेल्या नाहीत.

आधी सामान तपासून घ्या

कवच: एक. दिसायला बंद असले तरी त्याला सुमारे १०,००० बारीक छिद्रे आहेत. मोजत बसू नका.

पापुद्रे: दोन. अंडे घातल्यावर ते गार होते, आतला ऐवज आकसतो आणि रुंद टोकाशी हे पापुद्रे एकमेकांपासून सुटून मध्ये हवेचा कप्पा तयार होतो. उकडलेले अंडे सोलताना एका टोकाला दिसणारा खळगा तो हाच. (उकडण्याचा विषय इथे वाढवत नाही.)

फुप्फुसे: तयार होत आहेत. तूर्त वापरू नयेत.

पायरी १: काहीही करू नका (१९व्या दिवसापर्यंत)

उत्साही पिल्ले पहिल्याच दिवशी श्वास घ्यायला बघतात. चोहीकडे पाणी आहे, शिवाय चोचही अजून फुटायची आहे. श्वासाचे काम तुमच्या पोटातून निघालेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळीवर सोपवा. १२व्या दिवसाच्या सुमारास ती कवचाच्या आतल्या बाजूला सगळीकडे पसरते. छिद्रांतून प्राणवायू आपसूक आत झिरपतो, रक्त तो उचलते आणि कार्बन डायऑक्साइड आल्या वाटेने बाहेर जातो. पंखा नाही, पंप नाही, वीजबिल नाही. ६० ग्रॅमच्या अंड्यात मुक्कामभरात सुमारे ६ लिटर प्राणवायू येतो आणि साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड जातो.

त्याच छिद्रांतून पाण्याची वाफही निसटते, सुमारे ११ लिटर. म्हणजे वजनात ८-९ ग्रॅमची घट. तक्रार करू नका. पाणी उडते तसा हवेचा कप्पा वाढतो आणि तो तुम्हाला लागणार आहे. फार दमट जागी बसवलेल्यांचा कप्पा लहान राहतो आणि ऐनवेळी पंचाईत होते.

खुडूक बसलेली आई दिवसातून कितीतरी वेळा अंडे चोचीने फिरवेल. झोपमोड झाली म्हणून कुरकुर नको. एकाच कुशीवर पडून राहिलात तर पापुद्र्याला चिकटाल.

पायरी २: गुदमरा (१९वा-२०वा दिवस)

तुम्ही वाढलात, छिद्रे होती तेवढीच राहिली. कप्प्यातल्या हवेत प्राणवायू आता १४ टक्क्यांच्या आसपास उतरला आहे; बाहेर तो २१ टक्के असतो. जीव कासावीस होतो आहे? उत्तम. हा बिघाड नव्हे, निघायची सूचना आहे. मानेला हिसका द्या आणि चोच पापुद्र्यातून हवेच्या कप्प्यात खुपसा. आता फुप्फुसे वापरायला परवानगी आहे. चिवचिव करून पाहा, बाहेर ऐकू जाते. कप्पा सापडत नसेल आणि डोके अरुंद टोकाला असेल, तर तुम्ही पुस्तिका उलटी धरली आहे.

पायरी ३: टोचा आणि थांबा

चोचीच्या शेंड्यावर एक टणक काटा आला असेल. त्याने कवचाला आतून ठोका. बारीकशी भेग पडली की लगेच थांबा. बारा तास, कधी पुरता दिवस. या वेळात जाळीतले रक्त अंगात परत घ्यायचे आणि उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घ्यायचा. दोन्ही झाले की गोल फिरत रुंद टोकाचे झाकण उडवा.

इशारा: या विश्रांतीत "अगं बाई, अडकलंय बिचारं!" असे म्हणत बाहेरून एक प्रेमळ हात येईल आणि कवच सोलू लागेल. जाळीत रक्त असताना पापुद्रा फाटला तर ते वाहून जाते. आतून पाटी लावायची सोय नसल्याने हे कलम घरातल्या माणसांनीही वाचावे.

शंकासमाधान

प्रश्न: आम्हाला धुऊन पुसून ठेवले तर?
उत्तर: छिद्रांवरचा नैसर्गिक थर निघतो आणि जंतूंना वाट मिळते. पारोसे राहा.

प्रश्न: चोचीवरच्या काट्याचा पुढे काय उपयोग?
उत्तर: काही नाही. थोड्या दिवसांत तो गळून पडतो. नंतर कुणी "कोंबडीला दात असतात का?" असे विचारलेच, तर "होता एक, कामापुरता" असे सांगावे.